भाषाशास्त्राच्या शिस्तीने रॉक अल्बमचं परीक्षण कसं लिहावं

गेऑर्गी स्तारोस्तिन या नावाची दोन माणसं आहेत, असं मी बराच काळ धरून चालले होते. एक मॉस्कोचे भाषाशास्त्रज्ञ. आफ्रिकेतल्या खोइसान आणि सायबेरियातल्या येनिसेई भाषांवर लिहिणारे, आणि वडील सर्गेई स्तारोस्तिन यांनी सुरू केलेल्या 'टॉवर ऑफ बॅबेल' या व्युत्पत्तींच्या संगणकीय कोशाचं काम पुढे नेणारे. दुसरे रॉक संगीताचे परीक्षक. एकेका कलाकाराचे सगळे अल्बम क्रमाने घेऊन, एकही न गाळता, वर्षानुवर्षं लिहिणारे. दोघं एकच आहेत हे कळलं तेव्हा त्यांच्या परीक्षणांबद्दल माझ्या मनात असलेलं एक कोडं सुटलं. पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा पडेल अल्बमही हा माणूस इतक्या चिकाटीने का ऐकतो? कारण तुलनात्मक भाषाशास्त्रात किरकोळ बोलीही टाकून देता येत नाही. मुख्य भाषेने हरवलेला एखादा जुना उच्चार कधीकधी तिथेच जिवंत असतो.

दूरच्या भाषाकुळांच्या नात्यांबद्दलचे त्यांचे निष्कर्ष सर्व भाषाशास्त्रज्ञांना मान्य नाहीत आणि त्यांच्या सांगीतिक मतांशी तर माझं अनेकदा पटत नाही. पण शिस्त शिकण्यासारखी आहे. मी स्वतः ऐतिहासिक भाषाशास्त्र शिकवते आणि रॉक अल्बमवर लिहिते. पुढे दिलेल्या पायऱ्या मी या दोन्ही कामांतून जमवल्या आहेत. त्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: परीक्षण म्हणजे ध्वनिमुद्रणाबद्दल केलेलं विधान, आणि ते दुसऱ्या कुणालाही ऐकून पडताळता आलं पाहिजे. आवडनिवड नंतर येते, आणि ती यावीच. पण कशाबद्दल बोलतो आहोत हे आधी नक्की हवं.

पहिली पायरी: कोणती प्रत ऐकता ते ठरवा

जुन्या पोथीवर काम करणारा माणूस आधी विचारतो की कोणती प्रत, कुणी उतरवलेली, कधीची. अल्बमलाही हाच प्रश्न विचारायचा. बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' ऑगस्ट १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये आला तेव्हा त्यावर १४ गाणी होती. अमेरिकन आवृत्तीवर ११. गाळलेली तिन्ही गाणी जॉन लेनन यांची होती, कारण ती तिथे आधीच एका वेगळ्या अल्बमवर घालून विकली गेली होती. परिणाम काय झाला पाहा. ब्रिटिश प्रतीत लेनन यांची पाच गाणी आणि जॉर्ज हॅरिसन यांची तीन. अमेरिकन प्रतीत हॅरिसन यांची तीनच राहिली आणि लेनन यांची उरली दोन. 'या अल्बमवर लेनन मागे पडले आहेत' असं एखाद्या अमेरिकन श्रोत्याने त्या वेळी लिहिलं असतं तर ते त्याच्या हातातल्या प्रतीपुरतं खरं आणि अल्बमपुरतं खोटं ठरलं असतं.

मोनो आणि स्टिरिओ हा फरकही नुसता डाव्या-उजव्या कानाचा नसतो. बीटल्सच्याच 'सार्जंट पेपर'च्या मोनो प्रतीत 'शीज लीव्हिंग होम' हे गाणं स्टिरिओपेक्षा जलद आणि वरच्या पट्टीत आहे. त्या गाण्याच्या रेंगाळण्यावर परिच्छेद लिहायचा असेल तर आपण कोणतं रेंगाळणं ऐकलं ते माहीत हवं. नव्या ध्वनिमुद्रणांत आवाज ठासून भरण्याचा प्रश्न येतो. मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'बद्दल श्रोत्यांनी तक्रार केली की सीडीवर आवाज इतका दाबलाय की ढोल फाटल्यासारखे ऐकू येतात, आणि तीच गाणी गिटारच्या एका व्हिडिओ गेममध्ये मोकळी वाजतात. तेव्हा 'ड्रमर खडबडीत वाजवतो' हे वाक्य ड्रमरबद्दल आहे की मास्टरिंगबद्दल, म्हणजे मुद्रणावर शेवटी केलेल्या संस्कारांबद्दल, याचा विचार करून मगच लिहा.

सुरुवातीच्या काळात मी एका अल्बमच्या शेवटावर टीका केली होती, की शेवटची चार गाणी विस्कळीत आहेत आणि अल्बम कसाबसा संपतो. ती चार गाणी पुढे कधीतरी जोडलेली जास्तीची गाणी होती. मूळ अल्बम त्यांच्या आधीच, अगदी नेमक्या जागी संपत होता. तेव्हापासून कानाला हेडफोन लावण्याआधी मी वहीत तीन गोष्टी लिहिते: मूळ आवृत्तीचं वर्ष आणि देश, मूळ गाण्यांचा क्रम, आणि मी ऐकत असलेली प्रत. दहा मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

दुसरी पायरी: क्रम लावा

शक्य असेल तर कलाकाराचे अल्बम पहिल्यापासून ऐका. सगळे नसतील जमत तर निदान ज्यावर लिहायचं त्याच्या आधीचे दोन आणि नंतरचा एक. बदल दिसतो तो शेजारी ठेवल्यावरच. एका कालबिंदूवरच्या भाषेचं वर्णन करता येतं, पण ती कुठून आली हे त्या एका बिंदूवरून कळत नाही.

आणि प्रकाशनाच्या तारखेवर थांबू नका. 'रिव्हॉल्व्हर'चं शेवटचं गाणं 'टुमॉरो नेव्हर नोज' ऐकताना वाटतं की गट अल्बमभर हळूहळू पुढे सरकत अखेर इथे पोचला. प्रत्यक्षात त्याचं मुद्रण ६ एप्रिल १९६६ ला सुरू झालं आणि त्या अल्बमसाठी हात घातलेलं ते पहिलं गाणं होतं. म्हणजे सर्वांत धाडसी पाऊल आधी पडलं, बाकीची गाणी त्यानंतरची. अल्बमवरचा क्रम ही केलेली मांडणी आहे. तिच्यावर जरूर लिहावं, पण ती मांडणी आहे हे ठाऊक असताना.

तिसरी पायरी: चार वेळा ऐका, प्रत्येक वेळी वेगळ्या कामासाठी

क्षेत्रकार्याला गेलेला भाषाशास्त्रज्ञ पहिल्या दिवशी व्याकरण लिहीत नाही, तो नुसतं टिपून घेतो. पहिल्या वेळी काहीही न लिहिता ऐका. आवडलं, कंटाळा आला, कुठे मान डोलली, एवढंच लक्षात ठेवा. ही प्रतिक्रिया पुन्हा मिळत नाही, म्हणून ऐकून झाल्यावर लगेच चार ओळींत उतरवा. या टप्प्यापर्यंत इतरांची परीक्षणं वाचू नका. वाचलेलं कानात शिरतं, आणि मग तुम्हाला 'ऐकू' येतं ते दुसऱ्याचं वाक्य असतं.

दुसरं ऐकणं मिनिट-सेकंदांच्या टिपणांसाठी. कोणतं वाद्य केव्हा येतं, ठेका कुठे बदलतो, गायक कुठे श्वास घेतो. विशेषणं टाळा. 'गूढ प्रवेश' नको. 'ऑर्गन येतो, एकच स्वर धरून, चार मात्रांनी ढोल' असं लिहा. तिसरं ऐकणं शब्दांसाठी, त्याबद्दल पुढच्या पायरीत. चौथं ऐकणं फक्त बास आणि ढोलांकडे कान देऊन करावं. बहुतेक लोक हे कधीच करत नाहीत, आणि रॉकमधली निम्मी गुपितं तिथेच असतात.

चौथी पायरी: शब्द कानाने उतरवा

छापील गीत समोर ठेवून ऐकलं की डोळा कानाला सांगतो काय ऐकायचं. म्हणून आधी आपल्या कानाने उतरवा. जिथे कळलं नाही तिथे रिकामी जागा ठेवा, अंदाजाने भरू नका. मग छापील पाठाशी ताडून पाहा. तफावत जिथे येते तिथे थांबा. गायकाने तो शब्द का गिळला, का ओढला, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

अंदाजाने भरण्याचा धोका किती, याचं उदाहरण म्हणजे किंग्जमेन या गटाचं १९६३ चं 'लुई लुई'. मूळ गाणं रिचर्ड बेरी यांचं, विषय साधा: घरापासून दूर असलेला एक खलाशी आपल्या प्रेयसीची आठवण सांगतो. किंग्जमेनच्या मुद्रणात शब्द इतके अस्पष्ट होते की त्यांत अश्लील मजकूर दडलाय अशी अफवा पसरली आणि अमेरिकेच्या एफबीआयने त्याची चौकशी केली. वेगवेगळ्या गतींनी ऐकूनही शब्द लागत नाहीत, हाच निष्कर्ष निघाला. ज्यांना अश्लील शब्द ऐकू आले ते खोटं बोलत नव्हते. अस्पष्ट ध्वनीत मेंदू अपेक्षित शब्द भरतो. परीक्षकाचा मेंदूही तेच करतो, म्हणून रिकाम्या जागा रिकाम्याच राहू द्या.

शब्द लागले की उच्चारांकडे वळा. इथे भाषेचा अभ्यास असलेल्या माणसाला जे दिसतं ते इतरांच्या नजरेतून सहज निसटतं. ब्रिटिश समाजभाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश पॉप-रॉक गायकांच्या उच्चारांवर एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये बहुतेक लोक 'कार', 'गर्ल' यांसारख्या शब्दांतला 'र' उच्चारत नाहीत, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उच्चारतात. सुरुवातीचे बीटल्स बोलताना जो 'र' गाळत तो गाताना अनेकदा लावत, कारण ज्या संगीताचं ते अनुकरण करत होते ते अमेरिकन होतं. पुढच्या अल्बममधून हा 'र' कमी होत गेला. ब्रिटिश गटांचा आत्मविश्वास वाढला, अनुकरणाची गरज उरली नाही, आणि हे एका व्यंजनात मोजता आलं. १९६३ च्या 'टिल देअर वॉज यू'मध्ये तर पॉल मॅकार्टनी 'सॉ' या शब्दामागे 'र' जोडतात, जिथे अमेरिकन माणूसही तो लावणार नाही. परक्या बोलीचा नियम पूर्ण न कळता जास्तच लागू केला की असं होतं. आपण याला अतिशुद्धीकरण म्हणतो. 'गायक अमेरिकन ढंगात गातो' या सरधोपट वाक्यापेक्षा असा एक 'र' दाखवणं कितीतरी मोलाचं.

गाणं कोणत्या भाषेत आहे यानेही चाल बदलते. जपानमध्ये १९७० च्या सुमारास मोठा वाद झाला: रॉक जपानी भाषेत गाता येतं का? रॉक गायक युया उचिदा यांची बाजू इंग्रजीची होती. हॅपी एंड या गटाने जपानीचा आग्रह धरला. प्रश्न भाषाभिमानापुरता नव्हता. इंग्रजीत आघात असलेलं अक्षर जोरात आणि लांब, बाकीची आक्रसलेली. रॉकचा ठेका या चढउतारावर पोसलेला. जपानीत मात्र साधारण एकसारख्या लांबीचे तुकडे एकामागून एक येतात. हॅपी एंडने १९७१ च्या 'काझेमाची रोमान' या अल्बमवर शब्द ठेक्यावर कसे बसवले, कुठे एक अक्षर दोन स्वरांवर ताणलं, हे जपानी न कळताही ऐकता येतं. मराठीभाषक श्रोत्याला हे लवकर जाणवावं, कारण इंग्रजीसारखा ठसठशीत आघात मराठीतही नाही.

भाषा मुळातच बनवलेली असेल तर? फ्रान्सच्या मॅग्मा या गटाचे ख्रिस्तियान व्हाँदे यांनी 'कोबायन' नावाची भाषा रचली आणि १९७० च्या पहिल्या अल्बमपासून ती वापरली. अशा वेळी अर्थ शोधत बसू नका. ध्वनी मोजा. कोणती व्यंजनं जास्त, स्वर उघडे की मिटलेले, शब्द कुठे तुटतात. अर्थ बाजूला ठेवला की ध्वनी काय काय करू शकतो ते कळतं.

पाचवी पायरी: वारसा, उसनवारी आणि योगायोग वेगळे करा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक परीक्षणं इथेच घसरतात. 'हे त्या गटासारखं वाटतं' असं म्हणून लोक पुढे जातात. पण 'सारखं' म्हणजे काय?

भाषांमध्ये साम्य तीन कारणांनी येतं. पहिलं वारसा. संस्कृत 'कर्म', 'चर्म', 'घर्म' यांची मराठीत 'काम', 'चाम', 'घाम' झाली. 'र्' गेला, स्वर दीर्घ झाला, आणि तिन्ही शब्दांत नेमकं तेच झालं. या नियमितपणामुळे नातं सिद्ध होतं, नुसत्या सारखेपणामुळे नाही. दुसरं उसनवारी. त्याच साच्यातला 'धर्म' आपण जसाच्या तसा वापरतो, कारण तो संस्कृतातून पुन्हा उचलला आहे. तद्भव आणि तत्सम हा भेद शाळेत शिकलेला आहेच. तिसरं कारण निव्वळ योगायोग. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबरम या भाषेत कुत्र्याला जवळजवळ 'डॉग'च म्हणत, आणि इंग्रजीशी तिचा काहीएक संबंध नाही. संस्कृत 'देव' आणि लॅटिन 'देउस' नात्यातले आहेत, पण ग्रीक 'थेऑस' दिसायला 'देउस'च्या जवळ असूनही वेगळ्या मुळाचा आहे.

आता रॉककडे या. बो डिडली यांनी १९५५ मध्ये ज्या ठेक्यावर आपलं नाव कोरलं तो बडी हॉली यांच्या १९५७ च्या 'नॉट फेड अवे'मध्ये आहे, रोलिंग स्टोन्सनी १९६४ मध्ये तेच गाणं गायलं, आणि पुढे तो ठेका सगळ्यांचाच झाला. नंतरच्या एखाद्या गटात तो ऐकू आला तर 'बो डिडलीची नक्कल' म्हणणं म्हणजे मराठीने 'काम' हा शब्द चोरला असं म्हणण्यासारखं आहे. तो आता घरातला शब्द आहे. त्या गटाने त्या ठेक्याचं काय केलं, याबद्दल लिहा.

उसनवारीचा प्रश्न जास्त नाजूक. लेड झेपलिनच्या १९६९ च्या 'होल लॉटा लव्ह'मधले शब्द विली डिक्सन यांनी लिहिलेल्या आणि मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायलेल्या 'यू नीड लव्ह'शी उघडपणे जुळतात. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा केला आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. इथवर बरेच जण सांगतात. पण मध्ये एक थांबा आहे. स्मॉल फेसेस या ब्रिटिश गटाने १९६६ मध्ये 'यू नीड लव्हिंग' गायलं होतं. तिन्ही मुद्रणं ओळीने ऐका. शब्द डिक्सन यांचे, पण लेड झेपलिनचे गायक रॉबर्ट प्लांट ते ज्या हेलाने फेकतात तो स्मॉल फेसेसच्या स्टीव्ह मॅरियट यांच्या गाण्याला जवळचा आहे. 'खुर्ची' मूळची अरबी 'कुर्सी', पण आपल्याकडे ती फारसीच्या वाटेने आली. वाट कोणती हे सांगितल्याशिवाय उसनवारीचा हिशेब पुरा होत नाही. आणि ज्याचं देणं आहे त्याचं नाव परीक्षणात आलंच पाहिजे. विली डिक्सनसारख्या गीतकाराचं नाव वगळून त्या गाण्याचं कौतुक लिहू नये, असं मला मनापासून वाटतं.

उसनवारी किती खोल गेली हेही तपासा. भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश यांनी भाषांच्या तुलनेसाठी १०० मूलभूत शब्दांची यादी केली: मी, तू, पाणी, डोळा, रक्त, दोन, अशी. हे शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत, म्हणून नातं पाहायला तेच उपयोगी. गटाचंही असं गाभ्याचं शब्दभांडार असतं. बास आणि ढोल यांचा मेळ, कडव्या-ध्रुपदाची बांधणी, कॉर्ड बदलण्याची सवय. एखादं परकं वाद्य हा वरचा शब्द, तो सहज येतो.

बीटल्सचीच दोन गाणी घ्या. १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये हॅरिसन यांची सतार आहे. पण ती वाजवते काय? लोकगीताच्या वळणाची एक पाश्चात्त्य चाल, जी गिटारवरही वाजली असती. हा उसना शब्द, व्याकरण तेच जुनं. पुढच्याच वर्षी हॅरिसन यांचं 'लव्ह यू टू' येतं. सुरुवातीला ठेक्याशिवाय सतार एकेक स्वर उलगडत जाते, आलापासारखी. मग अनिल भागवत यांचा तबला सुरू होतो आणि लय बांधली जाते. शेवटी गती वाढते आणि गाणं वाढत्या लयीतच विरून जातं. कॉर्डची हालचाल जवळजवळ नाही, आधाराला तंबोरा. इथे वाद्याबरोबर वाक्यरचनाही आली आहे. दोन्ही गाण्यांना 'भारतीय प्रभाव' असं एकच लेबल लावणाऱ्या परीक्षणात हा सगळा फरक बुडून जातो, आणि हॅरिसन एका वर्षात केवढं अंतर चालले तेही.

योगायोगासाठी एक साधी चाचणी. दोन गाण्यांत तीन कॉर्ड सारखे असतील तर काही सिद्ध होत नाही, ब्लूजच्या बारा मात्राखंडांत हजारो गाणी बसतात. साम्य जितकं अनपेक्षित तितकं वजनदार. चालीतलं एखादं विचित्र वळण, चुकीच्या जागी पडणारा आघात आणि त्यावरचा तोच शब्द, अशी दोन-तीन एकत्र आली तरच संबंधाचा दावा करा. आणि दुसऱ्या गटाला पहिल्याचं मुद्रण ऐकायला मिळालं असण्याची शक्यता होती का, तारखा जुळतात का, तेही पाहा.

सहावी पायरी: न बसणाऱ्या गाण्यापाशी थांबा

प्रत्येक अल्बमवर एक गाणं असतं जे तुमच्या सिद्धांतात बसत नाही. ते 'भरताड' म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. इथे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर आठवावेत. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतल्या (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या) व्यंजनांचे नियम मांडले, पण त्यांना बरेच अपवाद उरले. संस्कृत 'पितृ' आणि 'भ्रातृ' या दोन्हींत 'त', मग गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत 'फादर'मध्ये 'द' आणि 'ब्रोथर'मध्ये 'थ' का? व्हर्नर यांनी १८७७ मध्ये दाखवलं की कारण प्राचीन आघातात आहे, आणि तो आघात वैदिक संस्कृताने जपून ठेवला होता. 'पितर'मध्ये तो दुसऱ्या अक्षरावर, 'भ्रातर'मध्ये पहिल्यावर. अपवाद पुसला गेला नाही, त्यातून आणखी एक नियम निघाला.

म्हणून न बसणारं गाणं जास्त वेळा ऐका. ते दुसऱ्या सदस्याचं आहे का? जुन्या मुद्रणातून उचललं आहे का? निर्माता वेगळा आहे का? बहुधा काहीतरी सापडतं, आणि मग अल्बमबद्दलचं तुमचं मूळ मतही थोडं हलतं. ते हलू द्या.

सातवी पायरी: आता लिहा

मराठीत लिहायला आपल्याकडे शब्द भरपूर आहेत. लय, ठेका, सम, पट्टी, सूर, हरकत, खर्ज, आस, ठहराव. रिफ, कॉर्ड, बास, सोलो हे इंग्रजी शब्द रुळलेलेच आहेत, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द देऊ नयेत. फक्त शास्त्रीय संगीताचा शब्द रॉकला लावताना अर्थ सरकत नाही ना ते पाहा. गिटारवर तार ओढून स्वर चढवला की लगेच 'मींड' म्हणावंसं वाटतं. कधी ते चपखल बसतं, कधी तो वाचकाला भलत्याच दालनात नेऊन सोडतो.

'टुमॉरो नेव्हर नोज'वर माझ्या वहीतलं पहिलं वाक्य असं होतं: 'या गाण्यात एक विलक्षण गूढ वातावरण आहे आणि ढोल थेट काळजाला भिडतात.' हे वाक्य दुसऱ्या शंभर गाण्यांना लागू पडतं, म्हणून निरुपयोगी. टिपणांकडे परत गेले आणि पुन्हा लिहिलं:

'तंबोऱ्याचा स्वर सुरू होतो आणि सगळं गाणं त्या एका सी स्वरावर टेकून उभं राहतं. मधूनच वरचे सूर बी-फ्लॅटच्या कॉर्डकडे झुकतात आणि परत येतात, पण बास तळाचा सी सोडत नाही. रिंगो स्टार तोच एक ठेका शेवटपर्यंत धरतात, आणि तो दर आवर्तनात एका ठिकाणी अडखळल्यासारखा होतो. गाणं पुढे सरकतं ते या अडखळण्यामुळे, कारण कॉर्ड तर जवळजवळ हलतच नाहीत. उत्तरार्धात लेनन यांचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून येतो. शब्द कळतात, पण गाणारा माणूस खोलीबाहेर गेल्यासारखा वाटतो.'

यातलं प्रत्येक विधान गाणं लावून तपासता येईल. शेवटच्या वाक्यात माझी भावना आहे, पण ती कशावर उभी आहे ते आधीच सांगितलं आहे. मला वाचकाला एवढंच देता येतं: माझ्या भावनेचा पत्ता. तो तिथे जाऊन त्याला काय वाटतं ते पाहील.

परिच्छेदाची बांधणी मी साधारण अशी ठेवते. आधी काय ऐकू येतं, मग ते कुठून आलं, मग त्याचं इथे काय झालं, आणि शेवटी मला ते कसं वाटलं. प्रत्येक गाण्यावर लिहू नका. दोन-तीन गाण्यांवर खोल जा, बाकीच्यांना एकेक वाक्य पुरे. एखाद्यावर सांगण्यासारखं काही नसेल तर नाव घेऊन पुढे चला.

आठवी पायरी: गुण द्यायचेच असतील तर

एका आकड्यात सगळं कोंबू नका. स्तारोस्तिन यांनी कलाकारांना जोखताना पाच वेगळ्या कसोट्या ठेवल्या होत्या: ऐकायला किती सुखद, मनाला किती भिडतं, किती नवं, जे करायला घेतलं ते त्यांना कितपत शोभतं, आणि किती विविध. यातली चौथी कसोटी मला फार आवडते. तीन कॉर्डांची धमाल करणारा गट तेवढंच उत्तम करत असेल तर त्याला पूर्ण गुण, आणि महाकाव्याचा आव आणून दमछाक होणाऱ्याला कमी. शिवाय त्यांनी कलाकाराचा दर्जा आणि अल्बमचा दर्जा असे दोन थर वेगळे ठेवले. मोठ्या गटाचा पडेल अल्बम आणि छोट्या गटाची सर्वोत्तम कामगिरी एका आकड्यावर येऊन बसू नयेत, यासाठी अशी काहीतरी सोय लागतेच. तुमच्या कसोट्या वेगळ्या असतील तर त्या आधीच जाहीर करा आणि मध्येच बदलू नका.

नववी पायरी: प्रसिद्ध करण्याआधी आणि नंतर

परीक्षण दोन दिवस बाजूला ठेवा. मग ते रॉकची आवड असलेल्या, पण तो अल्बम न ऐकलेल्या एखाद्या मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे द्या, अल्बमसकट. तुम्ही जिथे जिथे 'इथे असं होतं' म्हटलंय तिथे त्यांना ते ऐकू येतं का विचारा. 'तू आधीच सांगितलंस म्हणून आलं' असं उत्तर आलं तर मिनिट-सेकंद न सांगता पुन्हा ऐकायला लावा.

जे त्यांना सापडणार नाही ते आधी तुम्ही पुन्हा ऐका. तुम्हालाही सापडलं नाही तर ते वाक्य काढून टाका, कितीही सुरेख जमलं असलं तरी. प्रसिद्ध झाल्यावर चूक कळली तर जुना मजकूर गुपचूप बदलू नका. खाली तारीख टाकून लिहा की आधी असं म्हटलं होतं, अमुक मुद्रण ऐकल्यावर मत बदललं. ही नोंद ठेवायला एक ओळ लागते. पुढच्या वेळी त्याच गटाच्या दुसऱ्या अल्बमवर लिहायला बसाल तेव्हा वही उघडून सर्वांत आधी तीच वाचा.